सही येते, बोटं उमटत नाहीत

मला सही येते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलचे ड्रम धुवायला लागलो तेव्हा पहिल्या पगाराला अंगठा लाव म्हणाले. नाय लावला. आधी एका मास्तरांकडून नाव गिरवायला शिकलो, मगच पगार उचलला. त्यानंतर अंगठा म्हणून कुठं दिला नाही. आधारला आणि मग पासपोर्टाला बोटं टेकवली तेवढीच, लेकीच्या लग्नाच्या वेळी. तेव्हा उमटली होती. रेशनला अंगठ्याचं मशीन आलं तेव्हाही बायकोलाच पुढं केलं. तिला सही येत नाही.

लेक आखातात असते. पहिलं मूल पोटातच गेलं तिचं. दुसऱ्या खेपेला फोनवर म्हणाली, "आबा, या टायमाला आयेबरोबर तुमीबी या. मला भ्या वाटतंय."

गेलो. तिथल्या विमानतळावर काचेच्या खोपटात एक साहेब बसलेला. बायकोनं मशीनवर बोटं ठेवली, पलीकडं गेलीसुद्धा. माझ्या वेळेला मशीन लाल झालं. साहेबानं काच पुसली, बोटांना मलम लावायला दिलं. परत लाल.

"उंगली किधर गया?" साहेब म्हणाला.

मी दोन्ही हात पुढं केले. दहाच्या दहा होती.

बायको पलीकडून म्हणाली, "अवो, दाबून धरा की."

"दाबतोय. नखं पांढरी पडली बघ."

"रेशनवर एकदा जरी अंगठा टेकवला असता तर घरीच कळलं असतं."

"तू जा गो," म्हणालो. "पोर दारात उभी असंल."

"आन तुमी?"

"येतो मागनं."

ती मागं बघत बघत गेली.

मला एका खोलीत बसवलं. बाकावर अजून चारदोन माणसं होती. एकाचे हात सिमेंटनं खाल्लेले, एकाचे धुण्याच्या सोड्यानं. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. मग मी टेबलावरचं पेन घेतलं आणि तिकिटाच्या पाठीमागं सही केली. आडनावासकट, रेघ मारून. साहेबानं बघितली.

"ये नहीं चाहिए," म्हणाला, आणि तिकीट परत दिलं.

त्याच दिवशी उलट विमानात बसवलं. लेक बाहेर होती, पण मला दिसली नाही.

पोलादपूरला एसटीतून उतरलो तर वाडीतला एक जण भेटला. "काय रे, इतक्यात परत?"

"झालं काम," म्हणालो.

रेशनला एकदा जाऊन आलो. तिथंही उमटलं नाही. दुकानदार म्हणाला, "आजी येतील तेव्हा या." तशी भाकरी थापता येते मला, पीठ आहे अजून.

नात झाली. दोघी बऱ्या आहेत. लेकीनं फोनवर नातीची मूठ सोडवून दाखवली. मग म्हणाली, "आबा, इथं पोराच्या पायाचं ठसं घेतात. लगेच उमटलं हिचं."

बरं झालं, म्हणालो.