पाट्यांच्या घरातली यमुनाबाई

यमुनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून. लग्न होऊन पुलगावला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. नाचणगावच्या रस्त्याला आमची भाड्याची खोली होती आणि समोरच्या पडीक आवारात एक दगडी घर होतं. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या घराच्या सावलीतून जावं म्हणून मी आत वळले, तर डोक्यावरून हुकूम आला, "ओ नव्या वहिनी, खालून नका जाऊ. पाटी सुटली तं डोकं फुटन." वर पाहिलं तर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई लुगड्याचा काष्टा खोचून, डोक्याला ओला पंचा बांधून, त्या उभ्या उताराच्या छपरावर पालीसारखी चिकटलेली. मी पळत घरी गेले आणि ह्यांना म्हटलं, समोर एक वेडी बाई राहते. हे म्हणाले, वेडी नाही, तिला घर टिकवायचंय. मला तेव्हा दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

त्या घराला सगळे 'पाट्यांचं घर' म्हणत. छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, नव्हते, टिन नव्हतं. शाळेतल्या पाटीचा असतो तसल्या निळसर काळ्या दगडाच्या पातळ चिपा एकीवर एक बसवलेल्या होत्या. शेजारी पूर्वी कापसातली सरकी काढायचं जीन होतं, तिथली इंजिनं बसवायला एवान्स नावाचा साहेब आला होता, त्यानं ते घर बांधलं. त्याच्या मुलखात घरांना असलीच छपरं, आणि त्याचा बाप त्या दगडाच्या खाणीत कामाला. म्हणून ह्या गृहस्थानं पाट्या बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं पुलगावला आणवल्या, गवतात बांधून. मे महिन्यात जिथं भिंतीला हात लावता येत नाही तिथं त्यानं दिवाणखान्यात शेकोटी आणि वर धुराडंही बांधलं. हे ऐकून मी खो खो हसले. यमुनाबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

आणि साहेबाला इंग्रज म्हटलेलं तर त्याहून नाही. "अंग्रेज नव्हता तो, वेल्सचा होता. कोणी अंग्रेज म्हटलं तं जेवत नसे," असं त्या ठसक्यात सांगत, जसा काही तो त्यांच्या माहेरचा. एका अर्थी होताच. त्यांचे वडील साहेबाच्या हाताखाली होते. तुटलेली पाटी शेजारच्या पाट्यांना धक्का न लावता कशी ओढून काढायची, दुसरी कशी सरकवायची, हे साहेबानं त्यांना शिकवलं आणि त्यांनी मुलीला. आवाराच्या मागच्या खोलीत यमुनाबाईंचा जन्म झाला. वडिलांना मुलगा झाला असता तरी तो त्यांच्याइतका छपरावर राहिला नसता, असं मी त्यांना चिडवायची.

जिनातच त्यांची भगवानरावांशी गाठ पडली. भगवानराव फिटर, देवळीकडच्या एका खेड्यातल्या शेतीवाडी असलेल्या कुणबी घरातले थोरले. यमुनाबाईंच्या घरानं छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. दोघांनी लग्न केलं आणि गावाकडून निरोप आला की भगवाननं कधीही यावं, तिनं येऊ नये. मग भगवानरावही गेले नाहीत. पुढं जीन बंद पडलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलता यायचं, थोडं अडखळत. पण कूससुद्धा स्वतःची स्वतः बदलता येत नसे. यमुनाबाई दिवसातून कितीदा तरी छपरावरून उतरत, हात धुवून त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करत आणि परत शिडी चढत. मूलबाळ नव्हतं. भावांचे निरोप येतच होते, त्याला आणून सोडा, आम्ही सांभाळू. तिच्याविषयी शब्द नसे.

घराचे मालक आता कलकत्त्याचे कुणी शेटजी होते. ते कधी दिसले नाहीत. वर्षातून एकदा त्यांचा मुनीम येऊन आवारात उभा राही आणि तेच ऐकवून जाई. एका खोलीवर जरी छप्पर आहे तोवर राखणीला राहा, सगळं गेलं की घर खाली करा. आणि वर नवीन काही चढवायचं नाही, टिन नाही, कवेलू नाही, नाहीतर उद्या तुम्ही कब्जा सांगाल. यमुनाबाईंचा सगळा संसार असा त्या पाट्यांवर येऊन टेकला होता. घर गेलं की भगवानरावांना भावांकडे न्यावं लागणार, आणि तिथल्या उंबऱ्याच्या आत यमुनाबाईंना पाय ठेवता येणार नाही. त्या मला एकदाच म्हणाल्या होत्या, "मेला तं रडून मोकळी होईन, वहिनी. पण जितेपणी कोणी नेला तं मी काय करू?"

पाट्या फुटायच्याच. काळतोंडी वांदरं उड्या मारायची, फाल्गुनात गारा पडायच्या. नवी पाटी आणणार कुठून? मग यमुनाबाईंनी एक रीत काढली. उन्हाळ्यात एका खोलीवरच्या पाट्या सगळ्या उतरवायच्या आणि त्यांनी बाकीचं घर शाकारायचं. पाट्यांच्या घराची एक खोली अशी दर एकदोन वर्षांनी पावसाला दिली जायची. मी म्हणायची, अहो, हे म्हणजे स्वतःचीच बोटं कापून जखमा बांधणं झालं. त्या म्हणत, मंग दुसरं सांगा. ह्यांनी, मी, पोस्टात कामाला असलेल्या शेजाऱ्यांनी डोकं खाजवून पाहिलं, दुसरं कुणालाच सुचलं नाही.

खोली उतरवायच्या आदल्या दिवशी त्या मला तिथं चहाला बोलवत. फरशी झाडून पुसून लख्ख केलेली, कोपऱ्यात मेणबत्ती लावलेली. चहा पिता पिता त्या खोलीत कोण कोण राहिलं ते सांगत. पूर्वेच्या खोलीत साहेबानंतर रेल्वेच्या गार्डाची विधवा मेरीबाई राहिली होती. तिनं पाळलेल्या प्रत्येक कोंबडीला नाव होतं आणि ती जेवणाआधी कोंबड्यांसाठीही प्रार्थना करायची. तिच्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा यमुनाबाईंच्या आईनं तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या. त्या मायलेकी ऑस्ट्रेलियाला गेल्या तेव्हा मेरीबाईनं आईच्या गळ्यात पडून असा काही हंबरडा फोडला की स्टेशनवरची गाडी ऐकू आली नाही, असं यमुनाबाई सांगत. थोडं तिखटमीठ लावायची त्यांना सवय होती. त्या खोलीचा चहा झाला आणि दुसऱ्या दिवशी वर आभाळ दिसू लागलं.

मग गेली बंगाली डॉक्टरांची खोली. डॉक्टर साखरेच्या गोळ्या द्यायचे आणि त्यांची सासू रोज नदीची मासळी मागायची, नाही मिळाली तर जावयाशी अबोला. ह्या चहाला आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. आतून भगवानरावांनी विचारलं, काय झालं, तर यमुनाबाईंनी उठून त्यांनाही सासूची नक्कल करून दाखवली. हसता हसता त्यांचा आवाज मधेच फाटला. एवढ्या मोठ्या घरातल्या आता तीनच खोल्या उरल्या होत्या, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

शेकोटीच्या दिवाणखान्याची पाळी आली त्या वर्षी मात्र चहा कपातच निवला. जीन दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि एवान्स साहेबाला जायला सांगितलं, ते दिवस चैत्राचे होते. यमुनाबाई तेव्हा परकरातल्या. साहेबानं त्या उकाड्यात शेकोटी पेटवली आणि घामानं निथळत तिच्यापुढं बसून राहिला. बायको कधीच वारलेली, मागं खाणीच्या गावी नाव घ्यायला कुणी नाही. सकाळी त्यानं एकेका भिंतीला तळहात लावला आणि टांग्यात बसला. "त्याले तिकडं कोणी नव्हतं अन् इकडं कोणी ठेवत नव्हतं," यमुनाबाई विझलेल्या शेकोटीकडे पाहत म्हणाल्या. "माणसानं जावं कुठं, सांगा बरं?" मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बोटांची सालटी गेलेली होती.

त्यानंतरच्या फाल्गुनात गारपीट झाली, आणि ती कुणाकडे पाहून पडली नाही. स्वयंपाकघराचं छप्पर चाळणीसारखं झालं. यमुनाबाईंनी तिथल्या धड पाट्या काढून भगवानरावांच्या खोलीवर घातल्या. तरी पुरेनात. शेवटी त्यांनी हिशेब केला तो फक्त खाटेपुरता. खाटेवरचा तुकडा पक्का शाकारला, बाकी खोली उघडी. पाऊस लागला की भगवानराव कोरडे आणि त्या भिंतीला टेकून पोतं पांघरून भिजत बसलेल्या. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणत, मुनीमाला कुणी सांगितलं की घर सोडलं तर? आषाढात एकदा त्या छपरावरून घसरल्या, मनगट मोडलं. हाताला फळ्या बांधून तिसऱ्या दिवशी परत शिडीवर. मी खालून ओरडले, शिव्या दिल्या, रडले. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

त्या दुपारी भगवानरावांनी मला जवळ बोलावलं. त्यांनी दूधवाल्याच्या हाती भावांना निरोप पाठवला होता, आपल्याला न्यायला या म्हणून. मी म्हटलं, अहो, तिचा जीव जाईल. ते अडखळत, पण नीट ऐकू येईल असं बोलले. "ती माह्यापायी एक दिवस वरून पडून मरन. मी गेलो का ती खाली उतरन."

भाऊ बैलगाडी घेऊन आले, गाडीत कडबा अंथरून त्यावर गादी घातलेली. मला त्या दोघांचा राग आहे, मरेपर्यंत राहील. पण खोटं कशाला बोलू, ते दुष्ट नव्हते, भावाला पाहून दोघंही लहान मुलांसारखे रडले. यमुनाबाईंनी आदळआपट केली नाही. चहा बशीतून कसा पाजायचा, कूस केव्हा बदलायची, मानेखाली काय द्यायचं, सगळं त्यांनी दिरांना समजावलं आणि मग गाडीच्या मागच्या बाजूला चढून बसल्या. धाकटा भाऊ हात जोडून पुढं आला. "वहिनी, पाया पडतो, उतरा. आमाले पोरी उजवाच्या हायेत." यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानरावांनी डोळे मिटून घेतले होते. त्या उतरल्या.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. छपरावरही नव्हतं. आम्ही एसटीनं देवळीकडं गेलो तेव्हा त्या सापडल्या. भावांच्या घराची मागची भिंत एका बोळात होती, तिला एक गजांची खिडकी आणि खिडकीच्या आत भगवानरावांची खाट. यमुनाबाई बाहेर, भिंतीच्या बुडाशी, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन चिखलात बसलेल्या. गावातल्या बौद्ध वस्तीत त्यांना निजायला जागा मिळाली होती, पण उजाडलं की त्या इथं. मी हात धरून ओढलं. चला, मी तुम्हाला माझ्या घरात ठेवते, म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. "आत येऊ देत नाई तं नको. बोळ तं सरकारचा हाये. बोललेलं ऐकू येते, वहिनी. अन् आत तो कोरडा हाये." मी परतीच्या गाडीत सगळ्या लोकांसमोर हमसून हमसून रडले.

पाट्यांचं घर त्या पावसाळ्यात मुनीमानं ताब्यात घेतलं. उरल्यासुरल्या पाट्या पोट्ट्यांनी अक्षरं गिरवायला पळवल्या. मी तिकडं पाहणं सोडून दिलं.

थंडीत भगवानराव गेल्याचं कळलं. आम्ही पोचलो तेव्हा ते अजून आत खाटेवरच होते आणि यमुनाबाई पहिल्यांदाच घराच्या पुढच्या बाजूला, ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांना कुणी ये म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं. धाकट्या भावाची बायको डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाहेर आली. सहा महिने तिनंच भगवानरावांचं सगळं केलं होतं. "जाऊबाई," ती म्हणाली. "आमी कसूर नाई केली. पण ते खिडकीकडून कूस बदलूच देत नव्हते. हात लावला का ओरडत. एकाच अंगावर राह्यले. त्या अंगाले जखम झाली, मास गेलं, हाड दिसे, तरी नाई म्हणत."

"मी रोज इचारो त्याले," यमुनाबाई म्हणाल्या. "मले म्हणे, बरा हाओ."

मग त्या ओट्यावर चढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. धाकटा भाऊ दारातून बाजूला झाला. त्यांनी पदर खोचला, एक हात भगवानरावांच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला, आणि त्यांना हळूच दुसऱ्या कुशीवर केलं.