झोपेची व्हॅन

माझ्या बायकोले मी रोज दुपारी थोडंथोडं मारत होतो, आणि गावानं त्याच्याबद्दल माझा सत्कार करायचं ठरवलं होतं.

आधी बायकोचं सांगतो. तिचं नाव शांता. नाव ठेवणाऱ्यानं घाई केली होती. लकव्यानं तिची डावी बाजू गेली, दोन्ही पाय गेले, पण तोंड जागच्या जागी राह्यलं. उलट पायाइची ताकदही तिथंच येऊन जमा झाली. चाकाच्या खुर्चीत बसून ती अंगणातून सारं घर चालवे. गेली ती झोप. रातभर डोळे उघडे. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, त्यानं मले झोप आली (ती कडू म्हणे, म्हणून मी चाखून पाह्यली), तिले नाही. सकाळी उठलो की म्हणे, "तुमी रातभर घोरले. मी छपराचे कवेलू पाहत होती. एक सरकला आहे, पाणी येईन."

तिले कुठं न्यायचं म्हणजे माणसं लावून उचलायचं. ते तिले पटे नाही. "मी काय कापसाचं गठोडं आहे?" म्हणे. म्हणून मी एक शाळेची जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढल्या, आणि सौंसरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मागच्या दाराले लोखंडी उतार बसवून घेतला. खुर्ची ढकलली की सरळ आत. वेल्डिंगवाला भला माणूस. पण त्यानं आयुष्यभर फाटकं बनवली होती, आणि फाटकाले सायलेन्सर नसते. उताराच्या आड सायलेन्सरचा पाइप येत होता, तो त्यानं कापून टाकला.

"काकाजी, फालतूचा लांब होता," म्हणे.

"काप बावा," मी म्हटलं. (हे मीच म्हटलं. दुसऱ्याच्या अंगावर ढकलत नाही.)

आता पाइपाचं तोंड आलं बरोबर शांताच्या खुर्चीखाली. अन् उताराच्या बिजागरीपाशी व्हॅनच्या तळाले बोटभर फट राह्यली. पण हे मले नंतर समजलं.

पहिल्या शनवारी आमी जामसांवलीले निघालो. तिथला हनुमान उभा नाही, बसलेला नाही. पिंपळाखाली आरामात निजलेला आहे. गाडी चालवताना मी बोलतो. गप्प राह्यलो की मले वाटते इंजन बंद पडलं. खिडकीची काच खाली, गालात तंबाखू, आणि मी शांताले कपाशीवरच्या बोंडअळीचं सांगून राहिलो. बोंड पोखरून अळी आतमधी गेली, तेवढ्यात लक्षात आलं की मागून उत्तर येऊन नाही राहिलं. आरशात पाह्यलं तर शांताची मान एका बाजूले, तोंड उघडं. झोपली होती!

किती महिन्यानं झोपली होती. मी गाडी हळू केली, खड्डे चुकवत, जशी काय मागं दुधाची घागर ठेवली आहे. देवळापाशी सावलीत उभी केली, दोन्ही दारं उघडी टाकली, एकटाच आत जाऊन निजलेल्या देवाले हात जोडून आलो. म्हटलं, बावा, तुह्या झोपेतली थोडी देल्ली, उपकार झाले.

परत आलो तर ती डोळे चोळत होती.

"आलं का जामसांवली?"

"येऊन गेलं."

"डोकं ठणकून राह्यलं माह्यं. अन् वास कायचा येते गाडीत?"

"उदबत्तीचा असन."

"उदबत्ती पेट्रोलची असते का?" मंग म्हणे, "झोप काहून लागली सांगू? तुमच्या त्या बोंडअळीनं."

मी हसलो. टोमणाच होता तो, मले काय नवीन.

मंग रोज दुपारी आमी निघायले लागलो. कधी पांढुर्ण्याकडे, कधी सौंसरकडे. दोन्ही बाजूले संत्र्याचे बगीचे, त्याच्या पलीकडे पांढरा कापूस, रस्ता ओला असल्यासारखा लांबून चमके, आणि मागं माझी बायको झोपलेली. आरशात तिचा चेहरा पाहून मले वाटे, हे लग्नातल्या वयाची दिसून राहिली. गाल लाल झालेले. (गाल काहून लाल झाले, हे विचारायची अक्कल मले नव्हती.)

गोष्ट गावात पसरली. निजलेल्या हनुमानानं म्हाताऱ्याच्या गाडीले झोप देल्ली. एकानं व्हॅनसमोर नारळ फोडला. एकानं लिंबू-मिरची बांधली. एका बाईनं तं कमालच केली. पाइपाच्या तोंडातली काजळी बोटावर घेतली अन् अंगारा म्हणून रडक्या पोराच्या कपाळाले लावली. पोरगं चूप झालं. आता कोणाले काय समजावता? मारोतीच्या पारावर बैठक बसली आणि शाल-नारळ देऊन माझा सत्कार करायचं ठरलं. मी नाही म्हटलं नाही. शाल बरी राहते थंडीत.

या सगळ्यात आले बापूराव. आमच्या समोरच्या घरात राहते. तलाठी होते, आता रिटायर. बायको मागंच गेली. नोकरी होती तवर आफिसात झोपून घेत, घरी तशी झोप जमे नाही. "भाऊ, मलेही एक चक्कर मारून आणा," म्हणे. मी त्याइले शांताच्या खुर्चीजवळ स्टूल टाकून बसवलं. त्या दिवशी हवा गार होती म्हणून मागच्या काचा पक्क्या लावल्या. आणि मले सांगायले विषयही मोठा होता.

मागून दोघाइच्याही घोरण्याचा आवाज यायले लागला. मले धन्य वाटलं. एकाच फेरीत दोन माणसं! मंग घोरणं बंद झालं.

पांढुर्ण्यात शिरता शिरता मी गाडी थांबवली अन् मागचं दार उघडलं. बापूराव धडपडत बाहेर आले आणि नालीत ओकले. "भाऊ, समाधी लागली होती," म्हणे. पण शांता उठेना. मी हाक मारली. खांदा हलवला. मंग पुन्हा हाक मारली, तं माझाच आवाज मले ओळखू आला नाही. खुर्ची ओढून बाहेर घेतली, बाटलीतलं सारं पाणी तिच्या तोंडावर ओतलं.

तिनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे पाह्यलं. "कोण मेलं?" म्हणे.

मी तिथंच मातीत बसलो.

दवाखान्यात दोघाइच्या नाकाले ऑक्सिजन लावला. डॉक्टरनं एवढंच विचारलं की हे बसले कुठं होते. मी सांगतलं. तो म्हणे, "बाबाजी, देवाले राहू द्या, गाडी मिस्त्रीले दाखवा."

मुन्ना मिस्त्री पांढुर्ण्यातच आहे, जिभेले हाड नाही. तो गाडीखाली गेला, बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तं तोंड काळं. म्हणे, "काकाजी, तुमी काकूले झोपवून नाही राहिले, वर पाठवून राहिले. या धुरात जहर असते. अन् तुमी वाचले त्या तंबाखूच्या पिचकारीनं, खिडकी उघडी होती म्हणून."

सत्कार रद्द झाला.

मिस्त्रीनं सांगतलं की पाइप लांब करून मागं बाजूले काढू, जोडावर नवी पॅकिंग टाकू, तळाची फट रबरानं बंद करू. मी म्हटलं, मागं नाही, आभाळात काढ. "ट्रॅक्टरसारखा उभा धुराडा लाव. धूर तिच्या डोक्याच्या वर गेला पायजे."

"काकाजी, लोक हसतीन."

"हसू दे. आतापर्यंत पाया पडत होते, त्याच्यापेक्षा बरं."

लावला. मागच्या कोपऱ्यात, टपाच्या वर हातभर. फट बंद, जोड पक्के. वरून मिस्त्रीनं एक तपासणी शिकवली. बाहेर उघड्यावर गाडी चालू करायची, ओल्या फडक्यानं पाइपाचं तोंड जरासं दाबायचं. कुठं फुटलं असन तं तिथून फुसफुस आवाज येते. आता बारीक आवाज माझ्या कानाले येत नाही. मंग दर शनवारी मी स्टुलावर चढून फडकं दाबे, आणि शांता अंगणात खुर्चीतून कान देऊन ऐके. "ठीक आहे, उतरा, पडान," म्हणे. तिनं ठीक म्हटल्याशिवाय गाडी हलत नव्हती.

पण माझ्या मनात एक धुकधुक होती. धूर गेला, म्हणजे झोपही गेली. नव्या धुराड्याची पहिली फेरी काढली ते मी घाबरतच. आंबिया बहार आला होता, संत्री फुलली होती. बगीच्याजवळून जाताना धुराडा एका संत्र्याच्या फांदीत अडकला, फांदी तोडून घेऊनच पुढं निघाला. साऱ्या रस्त्यानं टपावरून पांढरी फुलं गळून राहिली, काही काचेवर, काही खिडकीतून आत. फांदीची एक बाजू गरम पाइपाले लागून भाजत होती. भाजलेल्या संत्र्याचा असा वास मी जन्मात घेतला नाही.

शांता टक्क जागी होती.

"झोप येत नाही का?" मी विचारलं.

"चूप राहा जरा. पाहू द्या."

तिनं मांडीवरची फुलं उजव्या हातानं गोळा केली. "इतके दिवस फिरवलं मले," म्हणे, "अन् म्या रस्ताच नाही पाह्यला. हळू घ्या अजून."

हळू घेतली. इतकी हळू की एक सायकलवाला पुढं गेला आणि वळून हसला. सौंसर आलं, मागं गेलं, आमाले कुठं जायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तं ती घोरून राहिली होती. घरी, खाटेवर, धुराशिवाय. मी कवेलू पाहत पडून राह्यलो. एक खरंच सरकला होता.

ती गेली त्याले दोन बहार झाले. झोपेतच गेली, आपल्या खाटेवर, खिडकी उघडी होती. (मुन्ना मिस्त्री दुखवट्याले बसायले आला तवा मी त्याले सगळ्यात आधी हेच सांगतलं. तो म्हणे, "म्या काही म्हटलं नाही, काकाजी.")

आमचा पोरगा नागपूरले राह्यते. तो म्हणते व्हॅन विकून टाका. मी विकली नाही. एका शनवारी स्टुलावर चढलो, फडकं दाबलं, आणि तसाच उभा राह्यलो. ऐकायले अंगणात कोणीच नाही. इंजन चालू, फडकं गरम होऊन राहिलं, उतरा कोण म्हणन?

बापूराव दारातून पाहत होते.

"बापूराव, कान द्या जरा."

"म्या त्या गाडीत बसत नाही."

"बसा कोण म्हणते? ऐका फक्त."

त्याइनं वाकून ऐकलं. "ठीक आहे, उतरा," म्हणाले. मंग काय वाटलं कोणास ठाऊक, उतारावरून वर चढले आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसले. मी गाडी काढली. काच खाली, गालात तंबाखू. सांगत गेलो, इथं फांदी तुटली होती, इथं शांता म्हणे हळू घ्या. तिचं सांगणं पुढं जाईना, म्हणून बोंडअळीवर गेलो.

मागून हूं नाही, चूं नाही. आरशात पाह्यलं. मान एका बाजूले, तोंड उघडं.

गाडी दामटत थेट मुन्नाच्या दारात, दारं उघडली, पाण्याची बाटली बापूरावाच्या तोंडावर रिकामी केली.

"कोण मेलं?" बापूराव म्हणाले.

"डोकं ठणकते का?"

"नाही जी. मस्त झोप लागली होती. काहून उठवलं?"

मुन्ना गाडीखालून फिरून आला. पॅकिंग पाह्यली, रबर पाह्यलं, धुराड्याले फडकं लावून ऐकलं. "कुठंच काही फुटलं नाही. काकाजी, तुमी याइले सांगून काय राहिले होते?"

"बोंडअळीचं."

त्यानं पाना डब्यात टाकला. "मंग गाडीचा दोष नाही."

माझी बुढी पहिल्याच दिवशी बोलली होती. मी देवाचं ऐकलं, गावाचं ऐकलं, मिस्त्रीचं ऐकलं. तिचं तेवढं टोमणा म्हणून सोडून देल्लं. बापूराव आता रोज दुपारी उशी घेऊन येते. झोप मलेच येत नाही. खाटेवर पडून स्वतःले बोंडअळीची गोष्ट सांगून पाह्यली, पूर्ण हंगामाची. पण मधातून कोणी "पुरे करा आता" म्हटल्याशिवाय ते गोष्ट संपतच नाही.