पाठीवरचा क्रूस

कच्ची पेअर. खाली बिशपचा माणूस पाय धुतो आहे. कुत्री व्यायली, एक पिल्लू काळं. बापाचा नवस राहिला तर तो लेकाने फेडायचा. खिडकीत ऊन.

दुपार कलते आहे आणि फ्रान्समधल्या त्या लहानशा गढीत एमेलिनचा डोळा लागतो आहे. तिचा नवरा, रेनो सरदार, जेरुसलेमला पोहोचण्याचा नवस बोलून धर्मयुद्धाला निघाला तो परतलाच नाही. पोहोचला की वाटेतच गेला, सांगायला कुणी उरलं नाही. पोहोचला नसेल, तर आज सांजेआधी एकुलत्या लेकाला, थिबोला, तो नवस फेडायला क्रूस घ्यावा लागणार; बिशपचा माणूस त्यासाठीच आला आहे.

चुलीपाशी रेनो बसला आहे.

"पेअर उतरवली का गं?"

"कच्ची आहेत अजून. अहो, तुम्ही पोहोचलात का?"

"आणि ती लंगडी कुत्री?"

"व्यायली. मी काय विचारते आहे?"

धर्मयुद्धाला जाणारा कापडाचा क्रूस खांद्यावर शिवून जातो. नवस फेडून येणारा तो पाठीवर मिरवत येतो. रेनोचा झगा ओला आहे. खांदे वाढलेल्या केसांनी झाकलेले.

"जरा पाठ वळवा."

"सरदाराला पाठ दाखवायला सांगतेस? बायको आहेस की शत्रू!"

ती हसते. तो मागे सरकतो, ती पुढे. आता चूल नाही, द्राक्षमळा आहे. मळ्याच्या बांधावर लाटा आपटताहेत. लग्नानंतर याच बांधावर ते पहिल्यांदा भांडले होते, आणि मग एकाच टोपलीतली द्राक्षं खात बसले होते. दोघांनाही ते आठवतं.

ती त्याचे केस बाजूला करते. क्रूस खांद्यावरच आहे.

"थिबो केवढा झाला?" तो हळूच विचारतो.

"तुमचं चिलखत त्याला अजून ढगळ होतं."

"मग उरलेली वाट मीच चालतो. हा काढ. तूच शिवला होतास. वाकडा."

"वाकडा तुमचा खांदा."

ती दातांनी टाके उसवते, क्रूस त्याच्या पाठीवर ठेवते, शिवू लागते. सुई कुठून आली, विचारत नाही. काम लवकर संपू नये म्हणून टाके बारीक घालते.

जाग येते. दातांत लाल दोरा. खारट.

खाली बिशपच्या माणसासमोर थिबो मान खाली घालून उभा आहे.

"ह्यांचा नवस फिटला," एमेलिन म्हणते.

"पुरावा, बाईसाहेब?"

"मी त्यांची पाठ पाहिली."

तो माणूस थिबोसाठी आणलेला क्रूस परत झोळीत ठेवतो. मग जोडे पायात चढवतो.

रेनोला पोहता येत नव्हतं. जहाजावर चढताना त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.