खिडकीबाहेरची हजेरी

"वाच," म्हणत सरांनी पुस्तक माझ्यापुढं आपटलं. तालुक्याची शाळा, पाचवीचा वर्ग, माझा पहिला आठवडा.

मी नुसती बघत राहिले. सरांनी माझा दाखला सगळ्या वर्गापुढं फडकवला. "चौथी पास! प्रगती चांगली! अन् पोरीला 'घर' वाचता येत न्हाई. ह्या लोकांना सरकार फुकट पास करून राह्यलंय, निस्तरायचं आम्ही."

वर्ग खदाखदा हसला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. वरून हुकूम होता, गावातलं एकही पोर पटाबाहेर नको, कुणाला मागं ठेवायचं नाही. हुकूम चांगलाच होता. आमच्या गावच्या गुरुजींनी तो सोयीनं पाळला. नाव शाळेच्या पटावर, मी शाळेमागच्या त्यांच्या परड्यात. म्हशीचं शेण भरायचं, गोवऱ्या थापायच्या. त्यांच्या चुलीत माझ्या गोवऱ्या चालत. उंबऱ्याच्या आत मी चालत नव्हते. बौद्धवाड्यातली ना.

हजेरीला गुरुजी खिडकीतून माझं नाव पुकारायचे. शेणाच्या हातांनी मी ओरडायचे, "हजर!" सगळ्यात मोठ्यानं. मला त्याचा अभिमान वाटायचा. तपासणीला साहेब आले, की तेवढा दिवस हात धुऊन शेवटच्या रांगेत बसायला मिळायचं.

चौथीचा दाखला मिळाला तेव्हा मायनं वाड्यात गूळ वाटला. "काय लिवलंय गं?" तिनं विचारलं. "हुशार हाय म्हून लिवलंय," मी ठोकून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. मलाही नव्हतं. माय आनंदानं रडली.

आणि आता तोच दाखला सरांच्या हातात फडफडत होता. मी तो ओढून घेतला. तशीच पायी गावात आले आणि गुरुजींच्या शाळेत पहिलीच्या पोरांत जाऊन बसले. अकरा वर्षांची घोडी.

"हितं काय करून राह्यली?" गुरुजी म्हणाले. "तू पास झाली. कागद हाय तसा."

"मंग कागदालाच वाचाया लावा, गुरुजी."

छडी बसली. हातावर, पाठीवर. "ऊठ! परड्यात जा." मी उठले नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच जाऊन बसले.

पाठीवरचे वळ बघून मायनं विचारलं, तेव्हा सगळं खरं सांगितलं. तिला वाटलेला गूळ आठवला असेल. त्या वेळचं तिचं तोंड मला अजून सोसत नाही.

वाचायला शिकले. उशिरा, पण शिकले. आज मी शिक्षिका आहे. प्रशिक्षणात सांगतात, अमक्या देशात पोरं अशी शिकतात, तमक्या देशात तशी. मी ऐकते. तिथं खिडकीबाहेर कोण असतं, ते कुणी सांगत नाही.

माझ्या वर्गाच्या बाहेरून कधी "हजर" ऐकू आलं, तर मी हजेरीपट मिटणार. ज्याच्या परड्यात ते पोर असेल, त्याच्या दारात जाणार. मग तो सरपंच असो की हेडमास्तर. पोर आत येऊन बसेपर्यंत मी पुढचं नाव पुकारणार नाही.