खोट नसलेल्या रिंगा

वाघोलीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे आपल्याला जे कळलंय ते खरंच कळलंय का, ही शंका मला सतत असायची. सरांनी सेमिनारसाठी मला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांचं आर्थिक धोरण हा विषय दिला. ते उजव्या पक्षाचे. श्रीमंतांचे आणि कंपन्यांचे कर कमी करायचे, म्हणजे पैसा खाली झिरपेल. आणि बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर लावायचा, म्हणजे बंद पडलेले कारखाने तिकडे पुन्हा सुरू होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचा सामान्य माणसांवर काय परिणाम होतो, ते मी लिहायचं होतं. मी मन लावून लिहिलं. सगळं तिकडच्या गावांबद्दलच.

आई तेव्हा हडपसरला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होती. गाड्यांच्या इंजिनातून तेल गळू नये म्हणून ज्या रबरी रिंगा बसवतात, त्या तपासायचं तिचं काम. रिंग अंगठ्या-बोटाच्या चिमटीतून एकदा पूर्ण फिरवायची, मग भिंगाखाली धरायची. कडेला रबराचा पापुद्रा राहिला असेल तर लाल ट्रेमध्ये टाकायची. अकरा वर्षं ती हेच करत होती. भाजी निवडतानाही तिची बोटं तशीच फिरायची.

दिवाळीनंतर बाहेरदेशी जाणारी खोकी कमी झाली. आईच्या टेबलावर सहाजणी होत्या. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की माल नापास झाला असणार. त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या टेबलाचं एक खोकं खरंच परत आलं होतं आणि साहेबांनी सगळ्यांना उभं करून बोलणी ऐकवली होती. माल कमी जातो तो आपल्या चुकीमुळे, एवढंच तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं.

मग आई जास्तच कडक तपासायला लागली. जेवणाच्या सुट्टीतही पाच मिनिटांत डबा संपवून टेबलाशी यायची. ज्या रिंगा आधी चालायच्या, त्यासुद्धा लाल ट्रेमध्ये जायला लागल्या. सुपरवायझर म्हणाला, "अहो मावशी, रिंगा तपासताय की सुनेचे दागिने?" बाकीच्या हसल्या. आईने ते घरी येऊन सांगितलं आणि म्हणाली, "हसू दे. नीट काम केल्यावर ऑर्डर येतीय का न्हाई बघ."

मी विचारलं, "आई, ती खोकी कुठे जायची गं?"

"अमेरिकेला. निळी पट्टी असती त्यांच्यावर."

मला एकदम माझ्या निबंधातला तो कर आठवला. त्यामुळेच खोकी कमी झाली असतील का, असं सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "असू शकतं." तेवढ्या अर्ध्या उत्तरावर मी आठवडाभर गप्प राहिले. रोज आई डोळे चोळत यायची. शेवटी एका रविवारी मी वही घेऊन तिच्यापुढे बसले आणि सगळं समजावलं. तिकडे आपल्या मालावर कर वाढलाय, म्हणून तो महाग झालाय, म्हणून ते घेत नाहीत.

तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आमच्या रिंगांत खोट न्हवती?"

"नाही गं. तेच तर सांगतेय."

मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. "खोट असती तर काढली असती," ती म्हणाली. वहीकडे बघत तिने विचारलं, "मग तिकडच्या बायांना मिळंल का हे काम?"

मी म्हटलं, "मिळेल असं अध्यक्ष म्हणतात. काही जाणकार म्हणतात, नाही मिळणार."

"मिळू दे बाई," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवसापासून ती पूर्वीसारखी तपासायला लागली. जेवणाची सुट्टी पूर्ण घ्यायला लागली. आणि चौथ्या दिवशी कामावरून कमी करायच्या बायांची यादी लागली. तिचं टेबलच बंद होणार होतं.

ती मला घेऊन साहेबांकडे गेली. "तू शिकलीयस, तू बोल." आम्ही गेटजवळ तासभर थांबलो. साहेब बाहेर आले ते सभ्यपणेच बोलले. मी चाचरत करांबद्दल सांगायला लागले, तर ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. सगळं बरोबर आहे. मग आम्ही काय करायचं, तेवढं सांग."

माझ्या निबंधाच्या शेवटी 'उपाय' असं एक पान होतं. त्यातलं पहिलंच वाक्य मी म्हणून टाकलं, "नव्या बाजारपेठा शोधायला हव्यात."

"शोधतोय," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, थकलेले दिसत होते.

आई मध्येच बोलली. "साहेब, माझ्या हातची एक तरी रिंग परत आलीय का?"

"नाही हो मावशी. तुमच्या कामाचा प्रश्नच नाहीये."

"मग तेवढं लिहून द्या. दुसरीकडं काम मागायला दाखवता यील."

साहेब घुटमळले. कंपनी कंत्राटी लोकांना दाखला देत नाही, तो कंत्राटदाराकडून घ्यावा लागतो, असं म्हणाले. त्यांनीच मला नंबर दिला आणि आत गेले. मी तिथेच गेटपाशी उभी राहून फोन लावला. सगळं सांगितलं: कारखाना, टेबल, अकरा वर्षं.

पलीकडचा माणूस म्हणाला, "कोणती मावशी? तिथे आमच्या चाळीस मावशा आहेत."

आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग तिने ते पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.