पाचवी आज्ञा शिकवणारी फिलू मावशी

फिलू मावशीच्या मुलाचा खून झाला होता.

आज संध्याकाळी मावशीलाही माती देऊन आलो.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मालाडच्या आमच्या गावठाणात तिने आयुष्यभर पोरांना धर्मशिक्षण दिलं. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या खोलीत वर्ग. मीही तिथेच बसायचे. भाची म्हणून सवलत शून्य, उलट फटके जास्त.

दहा आज्ञांमधली पाचवी आली की आम्ही सगळे एकदम रिलॅक्स.

खून करू नकोस. बस, पास!

आईबापाचं ऐका, खोटं बोलू नका, इथे आमची वाट लागायची. खून कोण करणार होतं?

"टीचर, ही इझी आहे," मी एकदा म्हणाले.

मावशीने चष्म्यावरून बघितलं. "हो का? मग काल कोण म्हणत होतं, त्या जेनीचं तोंड परत बघणार नाही म्हणून?"

मग तिने समजावलं. येशूने या आज्ञेत नुसती सुरी धरलेली नाही. राग धरलाय, शिवी धरलीय. अमका नसता तर बरं झालं असतं, असं मनात येतं ना, तिथूनच सुरुवात होते. "माणसाला जगातून काढा नाहीतर आपल्यातून काढा," ती म्हणायची, "देवाला दोन्ही दिसतं."

आम्हाला वाटायचं, मावशी उगाच ताणतेय.

मग रॉनी गेला.

मावशीचा थोरला. बाईक कुठे लावायची यावरून शेजारच्या विल्सनशी भांडण झालं. दोघं एकाच टीममध्ये फुटबॉल खेळून मोठे झालेले. विल्सनने घरात जाऊन सुरी आणली.

यापुढचं मला आजही लिहवत नाही.

विल्सन जेलमध्ये गेला. घरात उरली त्याची विधवा आई, रेजिना आंटी. गावठाणाने तिला वाळीत टाकलं. ठरवून वगैरे नाही, हळूहळू. आधी दारावर थांबणं बंद झालं, मग बोलणं, मग बघणं.

मे महिन्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना होते. दर दिवशी एका घराची पाळी. त्या घराने क्रुसाला फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या आणि प्रार्थना झाली की उकडलेले चणे सगळ्यांच्या हातावर द्यायचे.

त्या वर्षी पाळ्या ठरवताना रेजिना आंटीचं घर गाळलं. मावशीला बरं वाटावं म्हणून.

माझी आई तिला हे सांगायला गेली, मी सोबत होते. मावशी बोंबील साफ करत बसली होती.

"कोणी सांगितलं गाळायला?"

"तुझ्यासाठीच ना गं. तिच्या हातचे चणे तुझ्या घशाखाली उतरतील काय?"

"नाही उतरणार. तरी तिची पाळी तिला द्या."

आईचा आवाज चढला. "म्हणजे तू माफ केलंस त्यांना?"

"नाही केलं." मावशीने वर बघितलंच नाही. "रोज उठून प्रयत्न करते, नाही जमत. म्हणून काय त्या बाईला मारायची? अशी घरात कोंडून कोंडून मरेल ती. मग तो खून कोणाच्या नावावर लावशील, विल्सनच्या?"

आई उठली आणि पाळ्या परत लावायला गेली.

रेजिना आंटीच्या पाळीला अर्धं गाव आलंच नाही. जे आले ते शेवटची प्रार्थना संपताच चपला शोधायला लागले. आंटी चण्यांचा टोप घेऊन उभी, आणि समोर कोणी नाही.

मावशी पुढे गेली आणि तिने हात पसरला.

आंटीने मान खाली घालूनच चणे दिले. मावशीने तोंडात टाकले आणि चावत राहिली. खूप वेळ. खरंच उतरत नव्हते तिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते गिळले.

मग मागे वळली. "लाइन लावा ना. थंड होतात."

लाइन लागली.

आज सकाळपासून सगळे ग्रुपवर लिहितायत, किती मोठं मन, कशी माफी दिली. प्लीज, तिला अशी संत करून टाकू नका. रॉनीच्या वाढदिवसाला ती आंटीच्या बाजूची खिडकी बंद ठेवायची. दिवसभर. दुसऱ्या दिवशी स्वतःच उघडायची आणि विचारायची, "रेजिना, चहा झाला काय?"

माझ्यासाठी पाचवी आज्ञा म्हणजे ती दुसऱ्या दिवशी उघडलेली खिडकी.

विल्सन शिक्षा भोगून परत आलाय. आज मावशीची पेटी घरातून निघाली तेव्हा तो गल्लीच्या कोपऱ्यावर उभा होता. पांढरा शर्ट, हात मागे. पुढे यायची हिंमत नव्हती त्याची.

पेटीची पुढची कडी ॲलनच्या हातात होती. ॲलन म्हणजे मावशीचा धाकटा. भाऊ गेला तेव्हा शाळेत होता. तेव्हापासून विल्सनशी एक शब्द बोललेला नाही.

कोपऱ्यावर येऊन तो थांबला. मागे सगळी गल्ली थांबली. मी त्याची बाही धरली. "ॲलन, चल ना."

तो हलला नाही. विल्सनकडे बघत राहिला.

"तुला बघितलं की अजून माझं डोकं फिरतं," तो म्हणाला. "पण आईला नेताना तू असा लांब नको उभा राहूस."

आणि कडी न सोडता तो बाजूला सरकला.

"धर."

विल्सनने कडी धरली. कब्रस्तानापर्यंत दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालत गेले. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

जा मावशी, आता रॉनीला पोटभर बघ. प्रभू तुला शांती देवो.