आधी उपकार, मग करंजी

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. हैदराबादेत मी बी.ए. झालो. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिलाच, पण नोकरी मिळेना. गावी जळकोटला आईसमोर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी नळदुर्गातच मोटारीतून उतरलो.

तिथं रस्त्यावर घुटमळताना बघून एका ख्रिस्ती म्हातारीनं मला मनगटाला धरून अंगणातल्या नाताळाच्या पंगतीत बसवलं. तिचा जोंधळा लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीत, गेला होता. तरी चूल पेटली म्हणून ती हसत देवाचे आभार मानत होती, गुडघा अजून जरा वाकतो म्हणूनही. त्यांची रीतच तशी होती. प्रत्येकानं देवाचा एक उपकार मोठ्यानं सांगायचा, मग करंजी.

करंज्यांचं ताट कमरेवर टेकवून ती माझ्यापुढं थांबली.

"मावशी, मी काय सांगू? जे झालं ते माझ्या मेहनतीनं झालं."

"व्हय का? मग करंजी बी मेहनतीनंच तळून खा!"

पंगत खदखदून हसली. ती मात्र हलली नाही. "शाळंला जाताना भाकरी कोण बांधून देत हुतं रं?"

"आई. रोज पहाटे उठून."

"मग सांग की देवाला. आभार मानल्याबिगर नाताळ गोड लागत न्हाय, लेकरा."

आईच्या भाकरीसाठी मी मोठ्यानं देवाचे आभार मानले. तिनं दोन करंज्या वाढल्या.

पुढच्या मोटारीची वाट न बघता मी जळकोटची वाट धरली. नोकरीचं काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. आईला आधी काय सांगायचं, ते ठरलं होतं.